तळ्यातलं हिरवं

सावंगी (मेघे)ला दिवस मावळताना नळावर डबे घासले जातात. वर्ध्याहून यवतमाळकडे निघालं की लागणारं हे गाव ओळखलं जातं ते आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयामुळे, आणि रुग्ण म्हटला की त्याच्यामागे दोन-चार नातेवाईक आलेच. कुणी राळेगावकडचं, कुणी घाटंजीचं, कुणी पार वरोऱ्याकडून आलेलं. दिवसभर चिठ्ठ्या आणि तपासण्यांमागे धावलेली ही माणसं सांजेला भाड्याच्या खोलीच्या, खानावळीच्या नळावर उकिडवी बसतात, स्टीलच्या डब्यावर पावडर भुरभुरवतात, काथ्यानं खसखसा घासतात. वरणाचा पिवळा थर सुटतो, चार शितं वाहून जातात, फेस नालीत उतरतो. नाली थोडं अंतर सिमेंटची असते, पुढे कच्ची होते, आणि उतार संपून पाणी जिथे थबकतं तिथे जलपर्णी उभी असते. फुगीर देठांची, तुकतुकीत पानांची, फिकट जांभळ्या तुऱ्यांची.

फूल सुंदर आहे, त्यात वाद नाही. वरच्या पाकळीवर निळ्या वलयात पिवळा ठिपका असतो, आणि तो इतका नेटका असतो की वसतिगृहातली मुलं येता-जाता थांबून मोबाइलमध्ये फोटो काढतात. या फुलाच्या मोहानंच ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातून जगभर पसरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेसाठी म्हणून बंगालात आली आणि काही दशकांत तिनं तिथल्या पाणथळी, नद्या, भातखाचरं इतकी झाकून टाकली की 1936 मध्ये तिच्या निर्मूलनासाठी बंगालात स्वतंत्र कायदा करावा लागला. मनासारखं पाणी मिळालं की पंधरवड्यात ती दुप्पट होते. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं पडून राहतं आणि तरी रुजतं. लोक तिला तळ्याचा रोग म्हणतात. ती खरं तर रोगाची खूण आहे. पाण्यात खाणं भरपूर आहे हे तिला माणसाच्या आधी कळतं.

खाणं म्हणजे मुख्यतः नत्र आणि स्फुरद. वर्धा जिल्ह्यातल्या कापूस-सोयाबीनवाल्यांना हे शब्द शिकवावे लागत नाहीत. डीएपीची थैली फोडताना पिकाला स्फुरद का लागतं हे त्यांना ठाऊक असतं. तेच स्फुरद पहिल्या मोठ्या पावसात मातीला चिकटून वाहून जातं. माणसाच्या मैल्यात आणि मुतात ते असतं, खरकट्यात असतं, धुण्याच्या काही पावडरींत असतं. नालीतला फेस डोळ्यांना दिसतो म्हणून दोष त्याच्या माथी जातो. सेप्टिक टँकमधून गुपचूप पाझरणारं पाणी कुणाला दिसत नाही. पिपरी, बोरगाव, सिंदी, सावंगी ही वर्ध्याभोवतीची ‘मेघे’ गावं. कारभार ग्रामपंचायतीचा, वस्ती मात्र शहराची: वसतिगृहं, ले-आउट, दुकानांच्या रांगा. घरं भराभर उभी राहिली. मैलापाण्याची सोय त्या वेगानं झाली नाही. इथलं पाणी या ना त्या ओढ्यानं शेवटी वर्धा नदीला मिळतं. वाटेत त्याला जिथे अडवाल, साठवाल, तिथे ते आपली शिदोरी उघडतं.

तळ्याला हिरवं नेमकं काय करतं, हे कॅनडातल्या एका तळ्यानं जगाला दाखवलं. ऑन्टारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली काही तळी आहेत. त्यांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. त्यातलं 226 क्रमांकाचं तळं मध्येच निमुळतं होतं. 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या निमुळत्या भागात पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र सोडलं, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि सोबत स्फुरद. विमानातून काढलेला त्या तळ्याचा फोटो प्रसिद्ध आहे: पडद्याच्या एका बाजूला काळंभोर स्वच्छ पाणी, दुसऱ्या बाजूला शेवाळानं दाट झालेलं. साबण कंपन्या तेव्हा स्फुरदाचा दोष मान्य करायला तयार नव्हत्या. त्या फोटोनंतर वाद घालणं अवघड झालं.

तळी उपाशी राहून क्वचितच मरतात. लग्नाच्या पंगतीत आग्रह करकरून वाढावं तसं त्यांना वाढलं जातं, आणि तळ्याला पान झाकता येत नाही. आलेलं सगळं ते पोटात घेतं आणि त्याचं हिरवं करतं. वरचं शेवाळ दाट झालं की खाली ऊन पोचत नाही, तळाशी रुजलेल्या पाणवनस्पती आधी मरतात. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्री ते स्वतःही श्वास घेतं, आणि मेलेलं शेवाळ कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात. म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे. ढगाळ दिवसानंतरची, वारा पडलेली पहाट सगळ्यात वाईट. सूर्य उगवायच्या आधी रोहू-कतल्याची तोंडं पाण्यावर आलेली असतात, उघडझाप करत. कोळ्याला ती दुरून कळतात. मरळ आणि मांगूर मात्र तग धरतात, कारण त्यांना वरची हवा घेता येते. ज्या तळ्यात जाळ्याला फक्त मरळ, मांगूर आणि तिलापिया लागू लागले, त्या तळ्याबद्दल आणखी काही विचारायची गरज नसते.

अशा तळ्याच्या काठचा गाळ हातात घेऊन पाहावा. वरचा बोटभर थर मऊ, करडा. त्याखाली काळा, चिकट, सडक्या अंड्याच्या वासाचा. बोटांनी फोडला की त्यातून दोऱ्यासारख्या लालभडक अळ्या वळवळत बाहेर येतात. पाण्यावर थव्यानं उडणाऱ्या, न चावणाऱ्या बारीक माशांच्या या अळ्या. त्यांच्या अंगात माणसाच्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन असतं, आणि त्याच्या जोरावर त्या जवळजवळ प्राणवायू नसलेल्या गाळातही जगतात. तळ्याच्या तळाशी एकेकाळी शिंपले होते, गोगलगायी होत्या, चतुराच्या अळ्या होत्या. ती सगळी बिऱ्हाडं उठली की एवढीच मागे राहतात.

हे कळायला पाण्यात उतरावं लागतं. दिवाळीच्या सुमारास वर्ध्या-नागपुराच्या बाजारात उकडलेले शिंगाडे हातगाडीवर येतात; काळं साल दातांनी सोलून आतला पांढरा गर खाताना तो कुठून आला याचा विचार कोण करतो? कुणीतरी छातीएवढ्या पाण्यात उभं राहून वेल उलटून उलटून ते फळ तोडलेलं असतं. त्या माणसाच्या पायाला गाळाची खोली कळते, कातडीला पाण्याचा बिघाड कळतो. खाज सुटू लागली की तो घरी सांगतो. शहरातली तळी अशा माणसांपासून तुटली. त्यांच्याभोवती जॉगिंग ट्रॅक आले, रेलिंग आलं, दिवे आणि कारंजी आली. काठावर सौंदर्यीकरण होत राहिलं. पाण्याकडे पाहणारे हजारो, उतरणारा कुणी नाही, आणि बिघाड कळतो तो वास रस्त्यावर आल्यावर.

नागपूरचा अंबाझरी इथून दीड-दोन तासांवर. 1870 मध्ये तो बांधला तेव्हा शहराला पिण्याचं पाणी देणं हे त्याचं काम होतं. आज वरच्या अंगाला वाडीची वस्ती आणि हिंगण्याची औद्योगिक वसाहत आहे, आणि पाणलोट तोच आहे. गेल्या काही वर्षांत जलपर्णीनं त्याचा मोठा भाग व्यापला. यंत्रं लावून ती काढली तरी पुन्हा आली. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे मुसळधार पावसात हाच तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. घरांतला चिखल धुताना लोकांना कळलं की आपल्या उशाशी एवढं मोठं पाणी आहे. एरवी अंबाझरी म्हणजे संध्याकाळचा फेरफटका. आणि याच शहरात राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, 1958 पासून आहे. सांडपाणी खडी-गोट्यांच्या थरांतून आणि कर्दळ, पाणकणीस अशा झाडांच्या मुळांतून फिरवून शुद्ध करण्याची ‘फायटोरिड’ पद्धत तिथेच विकसित झाली. म्हणजे ज्या भुकेनं जलपर्णी तळं व्यापते, तीच भूक तळ्याच्या वर, नालीच्या तोंडाशी कामाला लावता येते. विद्या घरातच आहे. ती नालीपर्यंत पोचत नाही, याचं वाईट वाटतं.

पक्षी पाहणाऱ्यांनाही तळं कधी कधी चकवतं. लांब गुलाबी पायांचे शेकाटे चिखलात डझनांनी चरताना दिसले की कॅमेरे सरसावतात. पण शेकाट्याला सांडपाण्याची उथळ दलदल चालते, किंबहुना आवडते. त्या लाल अळ्या त्याचं खाणं आहेत. जलपर्णीच्या गालिच्यावर जांभळ्या पाणकोंबड्या वाढतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या, पाण्यात बुडी मारून तळाच्या वनस्पती खाणाऱ्या बदकांना मात्र उघडं पाणी लागतं, आणि तळाशी काही उगवलेलं लागतं. ती एका वर्षी कमी येतात, मग नुसती घिरट्या घालून जातात. एकूण पक्ष्यांची संख्या मोजली तर ती तेवढीच भरेल, कदाचित जास्तही.

वर्ध्याजवळच्या पवनारला धाम नदीच्या पात्रात 12 फेब्रुवारी 1948 रोजी गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. त्याच काठावर विनोबांचा आश्रम आहे. पावसाळा सरता सरता याच पाण्यात वर्ध्याच्या गणपती आणि देवीच्या मूर्ती येतात. मातीची मूर्ती विरघळून जाते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळायला फार काळ घेते, आणि त्यातलं सल्फेट प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणूंच्या तावडीत सापडलं की त्याचा सडका वायू होतो. श्रद्धेनं वाहिलेला हार, दूर्वा, बेल हे सगळं पाण्याच्या हिशेबी खाद्यच. दरवर्षी काठावर उभं राहून, हात जोडून निर्माल्य मागून घेणारे तरुण वर्ध्यात आहेत. लोक आधी नाराज होतात, मग देतात. या हात जोडण्यात किती ताकद लागते हे तिथे दिवसभर उभं राहिलेल्यालाच ठाऊक.

आणि मग लोणार. यवतमाळ-वाशीमच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात, बेसॉल्टच्या कातळात अशनीच्या आघातानं पडलेलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. तिथे हिरव्याचा सगळा हिशेब उलटा होतो. लोणारचं पाणी खारट आणि साबणासारखं अल्कधर्मी. त्यात मासा जगत नसे. पण विशिष्ट नील-हरित शेवाळ त्याच पाण्यात हजारो वर्षं सुखानं नांदत आलं. तिथलं दाट हिरवं पाणी ही निरोगी तळ्याची खूण होती. तळ्यातून निघणाऱ्या क्षारांचा पूर्वी व्यापार चाले, आणि पापडी, भुस्की अशी त्यांच्या प्रतीनुसार नावं होती. विवराच्या उतारावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते, तिच्याखाली पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंनी अंघोळ केली. खाली काठाला कमळजा देवीचं देऊळ. नवरात्रात तिथे जत्रा.

अशा तळ्याला घाण तर त्रास देतेच, पण त्याहून खोल त्रास देतं गोडं पाणी. वरच्या लोणार गावाचं सांडपाणी विवरात उतरू लागलं, अंघोळीचा साबण धारेबरोबर खाली गेला, भोवतालच्या शेतांतली खतं पावसात आली. क्षारांचं प्रमाण बदललं की त्या प्रमाणावर जगणारे सूक्ष्मजीव बदलतात. जगात दुसरीकडे सहसा न सापडणारं एक कुटुंब तिथे राहतं, आणि त्याच्या घराचं तापमान, मीठ, चव सगळं शेजारचे ठरवू लागले आहेत. लोणारात मासे दिसले तर पाहायला गर्दी होईल. तळ्यासाठी ती वाईट बातमी असेल.

जून 2020 मध्ये ते पाणी अचानक गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस. माणूस घरात, आणि फोटो घरोघर फिरत होते. कुणी कोप म्हटलं, कुणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने गेले तेव्हा कळलं की मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांची, हॅलोआर्कियांची, झपाट्यानं वाढ झाली होती आणि रंग त्यांचा होता. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, पाणी आटलेलं, क्षार दाटलेले. बाटलीतलं पाणी थोडा वेळ स्थिर ठेवलं की लालसर गाळ तळाशी बसे आणि वरचं पाणी नितळ होई. पाऊस आला, लोणारचंही तसंच झालं. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. त्याआधी महाराष्ट्रातून तो फक्त नांदूर मधमेश्वरला होता. अलीकडे प्रश्न दुसऱ्या टोकाला गेला आहे. पाणी आटण्याऐवजी चढू लागलं, काठावरच्या मंदिरांपर्यंत पोचलं. वाढलेलं पाणी पावसाचं, झऱ्यांचं, गावाचं: गोडं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे लोणारचा विषय वर्षानुवर्षं आहे. न्यायालय आदेश देऊ शकतं, सांडपाणी अडवायला लावू शकतं. शेवाळाला परत बोलावणं कुणाच्याच हातात नाही.

चंद्रपूरचा रामाळा हा गोंडराजांच्या काळचा तलाव, शहराच्या अगदी मधोमध. नाल्यांचं पाणी त्यात येत राहिलं, जलपर्णीनं तो झाकला गेला. फेब्रुवारी 2021 मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे त्याच्यासाठी अन्नत्याग करून बसले. एका तलावासाठी माणसाला जेवण सोडावं लागतं, हे वाचताना गलबलतं. पुढे तलाव रिकामा करून गाळ काढण्याचं काम हाती घेतलं गेलं. गाळाचं महत्त्व इथेच कळतं. नाली बंद केली तरी गाळात मुरलेलं स्फुरद वर्षानुवर्षं हळूहळू वर येत राहतं. उन्हाळ्यात तळचं पाणी गुदमरलं की जास्तच येतं. म्हणून नुसती जलपर्णी उपटून काठावर ढीग लावला आणि नाली चालूच ठेवली, तर पुढच्या पावसात तेच हिरवं परत उभं राहतं. काठावरचे ढीग कुजले, की त्यांचाही रस पाण्यातच.

भंडारा-गोंदियाच्या बाजूला माजी मालगुजारी तलाव आहेत, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात ते हजारोंनी आहेत, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उताराचा अंदाज घेऊन बांधलेले. तिथेही बेशरमाची झुडपं माजली, गाळ चढला, गावठी मासळी आटली. ढिवर समाजाच्या बायकांनी आणि मासेमारी संस्थांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीनं काही तलावांत उलटं काम सुरू केलं. आधी बेशरम मुळासकट उपटली. उन्हाळ्यात कोरडी पडलेली तळाची जमीन नांगरली. मग कोणती वनस्पती काठाला, कोणती गुडघाभर पाण्यात, कोणती खोलात, कोणत्या माशाला अंडी घालायला काय लागतं, कोणत्या पाखराला काय, हे घरातल्या जाणत्यांना विचारून विचारून ती लावली. रोपणीच्या धानासारखी वाकून, चिखलात रांगेनं. तलावात हिरवं लावायला उतरलेल्या या बायकांना कुठल्या हिरव्याला हात घालायचा आणि कुठलं उपटायचं हे नेमकं माहीत होतं.

अशा लावणीला बेणं लागतं. या रोपांची नर्सरी नसते. मुळ्या, कंद, वेलींचे तुकडे दुसऱ्या तळ्यातून आणावे लागतात, जिथे ते अजून शिल्लक आहेत. त्यासाठी पंचक्रोशीत एक तरी तळं शाबूत असावं लागतं. भंडाऱ्याकडे अजून अशी तळी सापडतात. वर्ध्याच्या आसपास कुणी उद्या हे काम मनावर घेतलंच, तर त्यानं पाटी घेऊन कुठल्या तळ्याकडे जावं, हे इथल्या ढिवरांना आणि भोयांना आत्ताच विचारून ठेवायला हवं.